आधी चिंधीवर

९ मार्च, रविवार

आज द्वारकाबाईंच्या पाठीचं माप घेताना माझ्या ब्लाऊजमधून सोंडा बाहेर आला. ज्वारीत होतो तो, तपकिरी. गळ्यापाशी थांबला, जरा विचार केला आणि खांद्याकडं चालू लागला. द्वारकाबाई आरशाकडं तोंड करून उभ्या होत्या, पण आपल्याच पोटाकडं बघत होत्या म्हणून वाचले. मी टेपच्या टोकानं त्याला उडवला आणि म्हटलं, "मुंढा साडेपंधरा."

हे कुणाला सांगता येत नाही, म्हणून मापांच्या वहीत मागच्या बाजूनं लिहायला घेतलंय.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये बार्शीच्या दवाखान्यात माझा उजवा स्तन काढला. गल्लीला 'गाठ काढली' एवढंच सांगितलं, आणि ते काही खोटं नाही. जखम भरल्यावर जुलै-ऑगस्टात पंचवीस दिवस रेडिएशनचा शेक दिला. ब्लाऊजच्या आत भरायला विकत मिळतं ते रबराचं असतं, उन्हात अंगाला चिकटतं. मी धाराशिवकडच्या ह्या वाशीत अठरा वर्षं ब्लाऊज शिवते, मला काय अवघड? मांजरपाटाची पिशवी शिवली, आत वजनाला ज्वारी भरली, डाव्या बाजूशी जुळवून घेतली. एकाही गिऱ्हाइकाला कळलं नाही. ज्वारीला सोंडे लागतात, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

अकरा महिने झाले, मी तिकडं बघितलेलं नाही. न्हाणीतला दिवा लावत नाही. हेही बघत नाहीत. हे म्हणजे शंभुलिंग, माझा नवरा, एसटीत ड्रायव्हर. दिवसाआड मुक्कामी गाडी असते, आणि घरी असले तरी ऑपरेशनपासून बाहेरच्या खोलीत झोपतात. म्हणतात, "तुझ्या हाताला धक्का नको." कारण चांगलं शोधलंय.

पंधरा दिवसांमागं मोबाइलवर एका बाईचा फोटो बघितला. असाच व्रण, आणि त्यावरून गोंदलेली वेल. बाई आरशात बघत होती, अगदी निवांत. मी फोटो मोठा करून पान न् पान बघितलं. मला ते हवंय. मला आरशात बघायचंय, बाकी काही नको.

१४ मार्च, शुक्रवार

पिशवीत आता मोहरी आहे. बारीक आणि गोल, अंगाला बरी बसते. डब्यातली निम्मी लागली.

जेवताना अव्वा, म्हणजे माझ्या सासूबाई रुद्रम्मा, वय चौऱ्याहत्तर, भाकरी मोडता मोडता म्हणाल्या, "ज्वारीला सोंडे लागत्यात. मोहरीला काय व्हत न्हाय. पण धुऊन, दोन दिस उन्हात घालून मग भरावी."

मी "व्हय" म्हटलं. म्हातारपणी माणसाला धान्याशिवाय विषय राहत नाही.

संध्याकाळी बघते तर शिलाई मशीनवर मोहरीची पुरचुंडी, धुऊन वाळवलेली. स्वयंपाकघरातली वस्तू मशीनवर का ठेवली, देव जाणे. अव्वा विसरायला लागल्यात.

२६ मार्च, बुधवार

बार्शीला तपासणी. नर्सबाई ह्यांना बघून हसली. "काय दादा, आज पाणी पिऊन आलात ना?" हे लालबुंद झाले आणि बाहेर जाऊन बसले. काय भानगड म्हणून विचारलं तर म्हणे, "काय न्हाय, उन्हाचं."

डॉक्टरीणबाईंना गोंदण्याचं विचारलं. वाटलं होतं हसतील, पण खुर्ची पुढं ओढून बसल्या. शेक संपल्यावर वर्ष जाऊ दे म्हणाल्या, म्हणजे ऑगस्ट. शेकाच्या वेळी खुणेसाठी मशीन लावणाऱ्यांनी तीन ठिपके गोंदलेत, एक मधोमध आणि दोन कडेला, ते मिटवायचे नाहीत. मग माझा उजवा हात हातात घेतला. "काखेतल्या गाठी काढल्यात. ह्या हातातलं पाणी निचरायची वाट अर्धी बंद आहे. त्या बाजूला घाण सुई लागली आणि जंतू गेला, तर हात सुजेल, आणि सुजला तर कदाचित कायमचा. मग कात्री धरता येणार नाही. मी नको म्हणत नाही. माणूस नीट निवड."

परत येताना सगळी वाट मी उजवा हात मांडीवर घेऊन बसले, परक्याची वस्तू सांभाळायला दिल्यासारखा.

८ एप्रिल, मंगळवार

धाराशिवला जाऊन आले. घरी सांगितलं, अस्तर आणायचंय.

कापड घेताना मी आधी उलटी बाजू बघते. सुलटी बाजू सगळ्यांचीच चांगली असते. बसस्टँडच्या पलीकडं टॅटूचं दुकान आहे. काचेचं दार, आत गारवा, भिंतीवर वाघ, सिंह आणि महादेव. तिशीचा मुलगा, बोलायला गोड. अल्बम पुढं केला. सगळी गोंदणं लाल कातडीवरची, म्हणजे फोटो त्याच दिवशी काढलेले. मी म्हटलं, "वर्षापूर्वी केलेलं एखादं दाखवा."

"ताई, एकदा केल्यावर गिऱ्हाईक परत कशाला येतंय?"

माझ्याकडं तर येतात. सैल झालं तरी येतात, घट्ट झालं तरी येतात. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. हातमोजा घालून एका पोराच्या दंडावर काम चाललं होतं, त्याच हातानं फोन उचलला, बोलला, खिशात टाकला आणि त्याच हातानं दंड पुसला. मी बघत राहिले.

"तुम्हाला कुठं करायचंय?" त्यानं विचारलं.

"मला नाही. माझ्या बहिणीला," मी म्हटलं आणि उठले. मला बहीण नाही.

२० एप्रिल, रविवार

सोनारीच्या यात्रेला ह्यांची जादा गाडी होती, मी त्याच गाडीनं गेले. भैरवनाथाला नारळ फोडला आणि गोंदणाऱ्यांच्या रांगेपाशी जाऊन उभी राहिले. बॅटरीवर चालणारं मशीन, एकच सुई, आणि वाटीत पाणी. पाण्याचा रंग विचारू नका. एकीचं झालं की सुई त्या पाण्यात बुडवायची, फडक्याला पुसायची, पुढची. मी मोजलं, सतरा बाया. कुणी नवऱ्याचं नाव घालत होती, कुणी नाथाचा त्रिशूळ. ओरडून सांगावंसं वाटलं, पण मला कोण विचारतंय?

परतीला हे आरशातून माझ्याकडं बघत होते. "काय शोधतीस तू?" म्हणाले. मी म्हटलं, "काय न्हाय, उन्हाचं."

३ मे, शनिवार

पुण्यातल्या एका मोठ्या दुकानाला फोन केला. बाई बोलली. सुया एकदाच वापरायच्या, सगळं स्वच्छ, डॉक्टरांचं पत्र लागेल, सगळं बरोबर. मनात म्हटलं, सापडलं. मग म्हणाली, मी तुमच्याकडून काहीच घेणार नाही, फक्त सगळं करतानाचा व्हिडिओ घेऊ, तुमची कहाणी लाखो बायकांपर्यंत जाईल, तुम्ही लढवय्या आहात.

मी फोन ठेवला. जी गोष्ट मी स्वतः बघितली नाही, ती लाखो बायका बघणार. शिवाय मी कुणाशी लढले? झोपवलं, कापलं, उठवलं.

तिघं झाले. तिन्हींत खोट होती. मी उगाच खोट काढते असं नाही.

१५ मे, गुरुवार

आज अव्वांशी भांडले. गळा जरा खोल शिवला गेलाय ह्या ब्लाऊजचा, मधला ठिपका वर दिसत होता. अव्वांनी बघितला. मी काही बोलायच्या आत दुपारी गल्लीतल्या पाच जणी दारात. द्वारकाबाई सगळ्यांत पुढं. "रुद्रम्मा सांगत व्हत्या, सुनंनं शेवटी गोंदून घेतलं. बघू तरी."

मी पदर घट्ट ओढून उभी. पदर सरकला असता तर पिशवीचा बंद दिसला असता. "उन्हानं फोड आलाय," म्हटलं आणि आत निघून गेले.

ह्यामागं तेवीस वर्षांचं दुखणं आहे. अव्वांचं माहेर आळंदच्या बाजूचं, कानडी मुलूख. गोंदणाला त्या हच्ची म्हणतात. लग्नानंतर चौथ्या दिवशी त्यांनी हच्चीवालीला घरी बोलावलं होतं. मी वीस वर्षांची, बारावी झालेली, हात मागं घेतला. म्हटलं, मी जनावर नाही खूण करायला. अव्वांनी चार महिने माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. "वर जाताना बाईसंगं दुसरं काय येत न्हाय. हच्ची तेवढी येती. तू मोकळ्या हातानं जाशील," म्हणाल्या होत्या. तेव्हापासून गोंदणाचा विषय आमच्या घरात निघत नाही.

आज मी म्हटलं, "तो दवाखान्याचा ठिपका आहे अव्वा, हच्ची नाही. गल्लीभर सांगायची काय गरज होती?"

अव्वा म्हणाल्या, "एक दिसला मला. एकच हाय का अजून हायत?"

मी मशीनवर जाऊन बसले.

२२ मे, गुरुवार

द्वारकाबाईंची नात सृष्टी कॉलेजात आहे. परवा तिचं माप घेताना मनगटावर जाईचं फूल दिसलं, नखाएवढं. मी विचारलं, कधीचं? "दीड वर्ष झालं, काकू." पाकळ्यांच्या कडा अजून धारदार, शाई कुठं फुटलेली नाही. भिंगातून बघितलं तरी खोट सापडली नाही. नंबर घेतला.

आज गेले. धाराशिवला, एका पार्लरच्या वरची खोली. हर्षाली नाव, मूळची तेरची, आधी मेंदी काढायची. खोली लहान, भिंतीवर वाघसिंह नाहीत. बोलते कमी. सुईचं पाकीट माझ्यासमोर फोडून दाखवलं, शाईची टोपणं वापरून झाली की टाकून देते. मी म्हटलं, बहिणीला करायचंय, असं असं ऑपरेशन झालंय.

"बहिणीला घेऊन या."

"ती येणार नाही."

तिनं माझ्याकडं बघितलं. "बहीणपण उजवा हात असाच पोटाशी धरती का?"

माझा हात खरंच पोटाशी होता. ती उठली, दाराला कडी लावली, पडदा ओढला आणि म्हणाली, "ताई, मला आधी बघावं लागंल. कातडी बघितल्याशिवाय मी हो पण म्हणत न्हाय आणि न्हाय पण."

मी पदराच्या पिनेला हात लावला. पाच मिनिटं लावून बसले. मग म्हटलं, तुम्ही अशा कातडीवर काम केल्याचं दाखवा. शेकानं पातळ झालेल्या कातडीवर.

"न्हाय केलेलं. खोटं कशाला सांगू?"

"मग कशाच्या भरवशावर?"

"ते तुमचं बरोबर हाय," म्हणाली. "आणि माझी पण एक अट हाय. पंधरा दिवस रोज दोनदा धुवायचं, मलम लावायचं. व्रण काखेत जातोय, तुमचा हात तिथं पुरणार न्हाय. घरातलं एक माणूस लागतं. आधी घरात एकाला दाखवा. मग मला दाखवा. तोवर मी सुई लावणार न्हाय."

चौथीतही खोट निघाली. कारागिरानं गिऱ्हाइकाच्या घरात डोकावू नये.

२३ मे, शुक्रवार

रात्री झोप नाही. कारागीर म्हणून तिच्यात काय कमी आहे, ते लिहून काढायला बसले. एवढंच लिहिता आलं : अशा कातडीवर काम केलेलं नाही.

१ जून, रविवार

हे मुक्कामाहून सकाळी आले. अव्वा मठात गेल्या होत्या. मी खिडकी सताड उघडली, पिशवी काढून ठेवली, पदर नुसता धरला. ह्यांना आत बोलावलं.

म्हटलं, "बघता का? एकदा बघा. मला कुणीतरी बघायला हवंय."

हे दारात उभे. माझ्याकडं बघितलं, तोंडाकडं. मग खाली फरशीकडं. कपाळावर घाम आला, चौकट धरली. "चहा टाकतो," म्हणाले आणि गेले. चहा टाकला नाही. तासभर अंगणात मोटारसायकल पुसत बसले.

तेवीस वर्षांचा संसार, आणि माणसाला नुसतं बघण्याचीसुद्धा किळस यावी. मला राग आला नाही, लाज वाटली. लाज वाटली ह्याचा मग राग आला.

२ जून, सोमवार

हर्षालीचा नंबर काढून टाकला. विषय संपला.

१० जून, मंगळवार

आज वटपौर्णिमा. आम्ही लिंगायत, आमच्यात वड पुजत नाहीत, पण गल्लीतल्या सगळ्या जणी वडाला नव्या ब्लाऊजमध्ये जातात. आठ दिवसांत एकतीस शिवले. आज सकाळी शेवटचं हुक लावलं आणि बघितलं तर उजव्या मनगटातली बांगडी फिरेना. रुतली होती. बोटं फुगलेली, कातडी ताणलेली.

मी जमिनीवरच बसले. सुई नाही, गोंदण नाही, काही नाही, आणि हात गेला.

अव्वा आल्या. बांगडीकडं बघितलं, काही न विचारता साबणाच्या फेसानं ती काढली. दार लावून घेतलं. "ब्लाऊज काढ."

"नको अव्वा."

"नर्सबाईनं मनगटापासनं वर चोळायला सांगितलंय, काखंपतोर, मग छातीवरनं पलीकडं. ब्लाऊजावरनं कसं चोळू?"

त्यांना हे ठाऊक कसं? मग आठवलं. शेकाच्या खोलीत गळ्यातलं इष्टलिंग काढून ठेवावं लागायचं. पंचवीस दिवस अव्वा ते तळहातावर घेऊन बाहेर बाकावर बसून असायच्या. शेजारी नर्स बायकांना हात चोळायला शिकवायची. मला वाटायचं, अव्वा डोळे मिटून जप करतायत.

मी काढलं. पिशवी फरशीवर पडली, थप्प. अव्वांनी उचलली, हातात तोलली. "हितं शिवण उसवलीय बघ. आणि मोहरी परत वाळवाय पायजे, घामाची झालीय."

तेव्हा मला कळलं. पहिल्या ज्वारीपासून त्यांना माहीत होतं.

मग त्यांनी बघितलं. मी डोळे मिटून घेतले होते.  त्यांनी बोट लावलं, व्रणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलं.

"लई सरळ टाका घातलाय डॉक्टरीणबाईनं," म्हणाल्या. "तुझ्यापरीस सरळ."

मी हसले का रडले ते मला सांगता येणार नाही. त्यांनी अर्धा तास हात चोळला, दुपारी परत, संध्याकाळी परत. दिवेलागणीला बोटं दुमडायला लागली. चोळता चोळता मी त्यांना सगळं सांगितलं. धाराशिव, सोनारी, पुणे, हर्षाली. हेही सांगितलं की तिच्यात एकच खोट आहे, पातळ कातडीवर तिचा हात कसा चालतो ते बघायला मिळत नाही.

अव्वांनी पदरानं तोंड पुसलं. "गिऱ्हाइकाला काय सांगतीस तू? भारी कापडाला मशीन लावायच्या आधी?"

"आधी चिंधीवर टाका घालून बघते म्हणते."

त्यांनी आपला डावा हात माझ्यापुढं धरला. कोपरापाशी कातडी कागदासारखी, खाली निळ्या शिरा. त्यावर सत्तर वर्षांपूर्वीचं बेलाचं पान, आता नुसता हिरवा डाग. "मग ही घे की. एवढी जुनी चिंधी तुला कुठं गावंल?"

१९ जून, गुरुवार

नंबर सृष्टीकडून परत घेतला. आज अव्वांना घेऊन गेले.

हर्षाली आधी नाही म्हणाली. आजी, वय झालंय, कातडी फाटंल. अव्वांच्या साखरेचा आणि रक्तदाबाचा कागद मी सोबत नेला होता, तो तिनं दोनदा वाचला. अव्वा म्हणाल्या, "यव्वा, मला सात सुया एकत्र बांधून टोचलंय. चार बायांनी धरलं व्हतं मला. तू एका सुईला भितीस? फक्त सुई माझ्या डोळ्याम्होरं काढ."

तिनं काढली. मी बाजूला उभी राहून सुई किती खोल जाते ते बघत होते. ती दोन बोटांनी कातडी ताणून धरायची, जरा टोचायची, थांबायची, पुसायची, परत. घाई नाही. जिथं शीर वर आली होती तिथं रेघ सोडून दिली, मला न विचारता. तीन पानं आणि देठ, पावणेदोन तास. अव्वांनी हूं की चूं केलं नाही.

निघताना मला कागद दिला, दिवसातून दोनदा काय करायचं त्याचा. तो ह्यांनी माझ्या हातातून घेतला. हे स्टँडवर थांबले होते, अव्वांनी त्यांना सगळं सांगितलं होतं.

२२ जून, रविवार

आज ह्यांना आईची फार माया आलीय. मलम मीच लावणार म्हणतात. नखं कापली. कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले, घड्याळ लावून. मग अव्वांच्या हातावर वाकले तर चेहरा पांढराफटक. पाणी प्यायले, खाली बसले, परत उठले, लावलं. कागदावर वाटाण्याएवढं लिहिलंय, ह्यांनी वाटाणा शेजारी ठेवून मोजलं.

अव्वा म्हणाल्या, "जमतंय का?"

"जमंल," हे म्हणाले.

एवढ्याशा मलमाला हे काय नाटक?

२६ जून, गुरुवार

अव्वांच्या हातावर लाली आली. गोंदणाभोवती गरम लागतंय.  चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला मी सुईखाली बसवली, माझ्या आरशासाठी. काही झालं तर मी काय तोंड दाखवू?

हर्षालीला फोन केला. वाटलं, डॉक्टरकडं जा म्हणून मोकळी होईल. ती म्हणाली, "दुपारच्या गाडीनं येते." आणि आली. वाशीपर्यंत. दोन गिऱ्हाइकं परत पाठवून. अव्वांचा हात खिडकीपाशी नेला, वास घेतला. "आजी, काय लावलंय वरनं?"

अव्वांनी हात पदराखाली घेतला. मग कबूल झाल्या. रोज सगळे झोपले की हळद आणि एरंडेल चोळत होत्या. "आमच्या वक्ताला हेच लावायचे. त्याबिगर हच्ची धरत न्हाय. पोरगी हुशार हाय, पण तिला काय म्हाईत?"

हर्षालीनं धुऊन घेतलं, डॉक्टरांकडं सोबत आली, त्यांनी गोळ्या दिल्या. शेवटच्या गाडीनं परत गेली. जाताना मी म्हटलं, चूक आमची, तुम्ही कशाला एवढं केलं? ती म्हणाली, "माझं काम हाय ते. नीट दिसायला नगं?"

धाराशिवचा तो मुलगा आठवला. गिऱ्हाईक परत कशाला येतंय म्हणाला होता.

२० जुलै, रविवार

एक महिना झाला. अव्वांचा हात अंगणात उन्हात धरून भिंगातून बघितला. लाली आठवड्यातच गेली होती. तीन पानं, तिन्ही वेगळी, शिरासुद्धा दिसतात. शाई कुठं पसरली नाही. मलमलीवर इतका बारीक टाका मला येत नाही, हे मी इथं लिहून ठेवते.

हे रोज सकाळसंध्याकाळ लावत होते, लागत नव्हतं तेव्हाही. अव्वा म्हणतात, "माझा हात काय आता लोण्याचा गोळा झाला." आता ह्यांचा चेहरा पांढरा होत नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

बार्शी. हात बरा, कातडी बरी, डॉक्टरीणबाईंनी पत्र लिहून दिलं. तिथून धाराशिवला जाऊन हर्षालीला दाखवलं. पिनेला हात लावून बसले नाही, काढली. ती बघून म्हणाली, "काखेकडं कातडी चमकते तिथं मी सुई लावणार न्हाय. वेल अलीकडंच वळवू." मी नुसती मान हलवली. तिनं समोरचा आरसा माझ्याकडं फिरवला, तेव्हा मी मान वळवली. अजून तेवढं जमत नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

झालं.

तीन तास. मधल्या ठिपक्यापासून सुरू करून बेलाची वेल उजव्या ठिपक्यापर्यंत, व्रणाच्या वरून. ठिपके तसेच ठेवलेत. अव्वा माझ्या उशाशी बसून होत्या, माझं लिंग तळहातावर घेऊन. दुखलं थोडं, बरंचसं कळलंच नाही, तिथं जाणीव कमी आहे.

ह्यांनी रजा टाकली होती. संध्याकाळी मी दुकानातल्या माप घ्यायच्या आरशापुढं स्टूल घेतलं, उजेड तिथंच चांगला आहे. हे आले. हात धुतलेले, ओले, वर धरलेले. कागद बघितलाही नाही, पाठ झालाय.

मी सवयीनं बटणाकडं हात नेला. "दिवा मालवू?"

"मग मला दिसंल कसं?"

पदर काढताना मी म्हटलं, "जूनमध्ये तर बघवलं नव्हतं तुम्हाला."

हे थांबले. म्हणाले, "ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी तुझी पट्टी बदलत होते. मी दारात उभा होतो. रक्त बघितलं आणि आडवा झालो. कपाळाला खोक पडली, दोन टाके. तू गुंगीत होतीस. नर्सबाई अजून हसते." ह्यांनी कपाळावरची बारीक रेघ दाखवली. मी ती वर्षभर बघत होते आणि गाडीचं दार लागलं असेल असं धरून चालले होते. "जूनमध्ये पण डोळ्यापुढं अंधारी आली. तुझ्या अंगावर पडलो असतो तर तुला काय वाटलं असतं? म्हणून अव्वाच्या हातावर शिकलो."

एवढी मोठी गोष्ट मला दिसली नाही, आणि मी म्हणे उलटी बाजू बघून कापड घेते.

ह्यांनी आधी बघितलं. सगळं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. मग कोमट पाणी घेतलं, टिपलं, वाटाण्याएवढं मलम घेतलं आणि लावलं. हात स्थिर होता, स्टेअरिंगवर असतो तसा. दारातून अव्वांचा आवाज आला, "दाबू नगंस रे, हलक्या हातानं."

मग मी मान वर केली आणि आरशात बघितलं.

डावीकडून तिसरं पान किंचित खाली उतरलंय. हर्षालीला सांगायला पाहिजे.